गवतातली कोरी जागा

१

फाटक लावलं का?

त्या उन्हाळ्यात या एका प्रश्नाने माझी झोप खाल्ली. लावलेलं असायचं. लावलंय हे मला माहीतही असायचं. साखळी खुंटीला अडकवली की बोटांना लोखंडाचा वास लागतो. अंथरुणात पडल्या पडल्या मी बोटं नाकाशी नेऊन तो वास घ्यायची. मग वाटायचं, हा कालचा वास असेल तर? मग उठायचं.

"थिया, फाटक कुठे पळून जात नाही गं," रोरी फोनवर हसायचा. रोरी माझा नवरा. कापणीचं मोठं यंत्र घेऊन तो उत्तरेकडे गेला होता, गहू पिकत जाईल तसा दक्षिणेकडे सरकत तो नाताळापर्यंत घरी पोचणार होता; आमच्याकडे नाताळ भर उन्हाळ्यात येतो. तोवर त्या घरात मी आणि टिली. टिलीला अजून चार वर्षं पूर्ण व्हायची होती, आणि फाटकापलीकडे शेततळं होतं.

मेंढ्यांच्या पाण्यासाठी खणलेलं, आमच्याकडे प्रत्येक शेतात असतं तसंच. चहूबाजूंनी चिकणमातीचा उभा काठ, मध्ये दुधाळ चहाच्या रंगाचं पाणी. खोल किती ते वरून कळत नाही. मी स्वतः अशाच एका शेतावर वाढले आणि अशाच तळ्यात पोहायला शिकले. पण आई झाल्यापासून पाणी म्हटलं की मला फक्त त्याचा तळ दिसतो.

घर भाड्याचं. मालकीण नेरिडाबाई पार्किन, मागच्या हिवाळ्यात गावातल्या वृद्धाश्रमात राहायला गेल्या. जमीन शेजारच्या आयव्हरने कसायला घेतली, त्याच्या मेंढ्या आमच्या मागच्या माळावर चरत. फाटक आमच्या अंगणात उघडायचं. त्यावर खालपासून वरपर्यंत बारीक जाळी ठोकलेली, पोराला पाय रोवायला जागा नाही. साखळीची खुंटी माझ्या खांद्याइतकी उंच. नेरिडाबाईंच्याच काळातली.

म्हणजे काळजीचं कारण काहीच नव्हतं. हे मी स्वतःला रोज सांगायची. ज्या गोष्टीचं कारण नसतं ती रोज सांगावी लागत नाही, हेही कळायचं.

२

मी टाकाने चित्रं काढते. काळी शाई, जाड कागद, आणि आमच्या भागातली शेतं: लोकर कातरायच्या शेडी, पत्र्याच्या टाक्या, मोडक्या पवनचक्क्या. जमीन विकून निघालेले लोक मला बोलावतात. फोटो त्यांच्याकडे ढिगाने असतात. पण फोटोत सगळंच येतं. चित्राचं बरं असतं, काय येऊ नये ते सांगता येतं. कुणाला शेजाऱ्याचा मोबाइलचा खांब नको असतो, कुणाला पहिल्या बायकोने लावलेली गुलाबाची रांग नको असते.

नेरिडाबाईंना स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारा देखावा हवा होता. भांडी घासायच्या मोरीपाशी उभं राहून जन्मभर पाहिलेला.

"टाकी घे, कुंपण घे, फाटक घे. तो तिरका निलगिरीचा वृक्ष घे, त्याने मला फार फांद्या पाडून दाखवल्यात," त्या म्हणाल्या. "तळं नको."

"तळं नको?"

"खूप बघितलं, पोरी. तिथे गवत काढून टाक."

मला, खरं सांगायचं तर, बरंच वाटलं. निदान कागदावर तरी ते तळं बुजवायची परवानगी मिळाली होती.

टाकाच्या चित्रात पांढरा रंग नसतो. पांढरं म्हणजे आपण शाई न लावलेला कागद. एकदा काळी रेघ पडली की परत पांढरं करता येत नाही, त्यामुळे मेंढीची पाठ, पत्र्यावरचं ऊन, खांबाची उजेडाकडची कड, हे सगळं आधीच ठरवून सोडून द्यावं लागतं. सोडायचं काय, हेच खरं शिकावं लागतं. रेघा कुणीही मारील.

मी खिडकीशी टेबल ओढलं, पेन्सिलीने सगळं बसवून घेतलं आणि तळ्याच्या जागी गवत भरायला लागले. बारीक, तिरप्या, वाऱ्याने एकीकडे कललेल्या रेघा. छान चाललं होतं. मग टाक एका जागी घसरला. शाई उमटलीच नाही. थेंब गोळा झाला आणि कडेला पळाला.

पुन्हा ओढला. पुन्हा तेच.

लोणी. टिलीचा टोस्ट. तेलकट बोट लागलेल्या कागदावर शाई बसत नाही, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला पहिल्याच महिन्यात कळतं. मी टिलीकडे बघितलं. ती टेबलाखाली बसून लोणी आणि खारट, काळं व्हेजिमाइट लावलेला टोस्ट कडेकडेने कुरतडत होती, आणि तिचे हात म्हणजे पुरावाच होता.

"तू माझ्या कागदाला हात लावलास?"

"नाही." मग जरा विचार करून, "लावू?"

सगळीकडून गवत भरत आल्यावर मी मागे सरून बघितलं. काठाला जिथे पाणी लागलं असतं, तिथे एक अरुंद, उभी जागा कोरी राहिली होती. कुंपणाच्या मधल्या तारेपर्यंत उंच. लोण्याचं बोट इतकं नेमकं उभं कसं लागतं, हा विचार मी केला आणि टोस्टवर जाम लावायला उठले.

३

दुसरा कागद कपाटातून नवा काढला. हात साबणाने धुतले. टिलीला बाहेर वाळूत बसवलं, माझ्या नजरेसमोर. पुन्हा पेन्सिल, पुन्हा टाकी, कुंपण, गवत.

टाक त्याच जागी घसरला.

या वेळी कोरी जागा मधल्या तारेच्या वर गेली होती. वरच्या तारेच्या जरा खाली.

मी शिकलेली बाई आहे. कला महाविद्यालयात तीन वर्षं काढली आहेत, भुताखेतांवर तिथे कुणी काही शिकवलं नाही, पण डोळा कसा फसवतो यावर पुष्कळ शिकवलं. मी स्वतःलाच समजावलं: तुला त्या तळ्याची भीती आहे. तू तिथे हात हलका करतेस. शाई बसत नाही असं नाही, तूच दाबत नाहीस. आणि माप चुकलं तर त्यात नवल काय, तुझं माप नेहमीच चुकतं. लग्नाचा केकसुद्धा निम्मा उरला होता.

हे मला पटलं. पटलेलं टिकावं म्हणून मी जागाच बदलली. बाजूच्या पडवीत स्टूल टाकलं. तिथून तळं टाकीच्या आडून, कडेला दिसतं, कागदाच्या भलत्याच कोपऱ्यात. डाग कागदात असेल किंवा माझ्या हातात असेल तर तो मधोमध येईल, आणि मला कळेल.

मधोमध काही आलं नाही. मधोमध टाक सुरेख चालला. मी गुणगुणायलाही लागले होते. मग कोपऱ्यात, टाकीच्या पायापलीकडे, शाई पळाली.

कागदावर ती जागा सरकली होती. माळावर सरकली नव्हती.

आणि आता ती वरच्या तारेच्याही वर होती. मी समोर बघितलं. नुसतं ऊन, पिवळं गवत, दूर आयव्हरच्या मेंढ्या सावलीला डोकी खुपसून उभ्या. काठाशी काही नव्हतं. कुंपणाच्या तारा या खांबापासून त्या खांबापर्यंत सलग दिसत होत्या. माझ्या चित्रात त्या एका ठिकाणी तुटून पलीकडे पुन्हा सुरू होत होत्या, समोर कुणी उभं असलं की तुटतात तशा.

टिली माझ्या कोपराखालून डोकावली. "तुझी शाई संपली," ती म्हणाली.

"हो गं," मी म्हटलं. "संपलीच."

रोरीला सांगितलं, म्हणजे अर्धंच सांगितलं. "कागद परत कर दुकानाला," तो म्हणाला. मग, "झोपतेस ना नीट?"

"झोपते."

"फाटक लावलंय," तो म्हणाला. "मी इथून सांगतो, लावलंय. झोप."

४

एके दिवशी उत्तरेचा तापलेला वारा सुटला होता. वाळवंटावरून येतो तो. अशा दिवशी पडदे ओढायचे, दारं लावायची आणि संध्याकाळची वाट बघायची.

दुपारी टिली कोचावर झोपली, तोंड उघडं, गमबूट पायात तसेच, कारण ते काढायचे म्हटलं की आभाळ कोसळतं. कचऱ्याची बादली टाकायला म्हणून मी मागच्या दाराने बाहेर गेले, आणि फाटक उघडं दिसलं.

सताड नाही. एक माणूस जाईल एवढं. साखळी लोंबत होती. पलीकडे, तळ्यावरच्या पंपाशी आयव्हरची पिकअप उभी होती, आणि पंपाच्या खोपटातून त्याचे बूट बाहेर आलेले दिसत होते.

आता जे सांगते ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. मी ते फाटक लावलं नाही. ज्या फाटकापायी मी झोपत नव्हते, ते उघडं बघून मी बादली घेऊन परत आले. कारण आमच्याकडे पोराला बोलता यायच्या आधी एक गोष्ट शिकवतात: फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं. उघडं असेल तर कुणीतरी कारणाने उघडलेलं असतं. मेंढ्या पाण्यावर यायच्या असतील, माणूस परत यायचा असेल. परक्याने उघडलेलं लावणं म्हणजे त्याच्या कामात पाय घालणं. आयव्हर निघताना लावेल, मी म्हटलं. मी मागच्या जाळीच्या दाराची वरची कडी घातली. टिली झोपली होती. पडदे ओढले आणि कामाला बसले.

आणि चित्र जमलं. पेन्सिलीचा देखावा तयारच होता, बाहेर बघायची गरज नव्हती. गवतात टाक लोण्यातून सुरी जावी तसा गेला. तळ्याची जागा आली, मी श्वास धरला, आणि रेघा पडत गेल्या. एक, मग तिच्या शेजारी दुसरी, सगळीकडे. काठावर, तारांवर, कुठेच कोरं नाही. मी खुर्चीत मागे टेकून हसलेसुद्धा. बघ, म्हटलं, नुसती भीती होती.

माळ भरून झाला. कुंपण झालं. मग मी फाटकाशी आले, आणि टाक घसरला.

फाटकाच्या आतल्या बाजूला. अंगणात. एक उंच, अरुंद जागा, साखळीच्या खुंटीपर्यंत पोचलेली. आणि तिच्या शेजारी आणखी एक. अगदी लहान. मधल्या तारेइतकीही नसलेली.

मी मान वळवून कोचाकडे बघितलं.

कोच रिकामा होता. जाळीच्या दाराशी माझं स्टूल होतं, आणि दार वाऱ्याने आपटत होतं. इतका वेळ तो आवाज मला ऐकू येत होता. मी त्याला वारा समजत होते.

५

पळताना मी ओरडले की नाही, आठवत नाही. अंगण एवढंसं, पण ते संपेना.

टिली फाटकाशी मातीत बसली होती. आत. आमच्या बाजूला. एका पायात गमबूट, दुसरा पाय घोट्यापर्यंत ओल्या चिखलाने माखलेला, तळ्याच्या काठावर असते त्या राखाडी चिखलाने.

फाटक लावलेलं होतं. साखळी खुंटीला अडकवलेली, वर, माझ्या खांद्याशी.

मी तिला उचलली, दाबली, हुंगली, तिचे केस, मान, ओला पाय. "चिकट आहेस," ती तक्रारीच्या सुरात म्हणाली. मी तशीच धरून ठेवली.

"बूट कुठाय?"

"तिकडे."

पंपाशी आयव्हरची पिकअप नव्हती. दुसरा गमबूट जाळीपलीकडे होता. लाल. काठाच्या अगदी कडेला, चिखलात रुतून उभा.

त्यापुढे पाणी. वाऱ्याने सगळं पाणी बारीक रेघांनी भरून टाकलं होतं, एकीकडून दुसरीकडे, तिरप्या, जवळजवळ, एकही जागा न सोडता. मीही इतक्या नेटक्या मारल्या नसत्या. फक्त बुटासमोर एक अरुंद पट्टी गुळगुळीत होती. तिथे वारा लागतच नव्हता. पट्टी उभी होती, तिला वरचं टोक होतं, आणि ते टोक जरासं कललेलं होतं, कुणी मान वळवून बघतं तसं.

मी टिलीचं तोंड माझ्या खांद्यात दाबलं. का, ते विचारू नका. वाईट काही दिसत नव्हतं. काहीच दिसत नव्हतं, एवढंच.

मग ती पट्टी काठापासून आत सरकली. आणि रेघांनी तिला दोन्ही बाजूंनी मिटवून टाकलं.

६

संध्याकाळी वारा पडल्यावर मी आयव्हरकडे गेले, टिलीला काखेत घेऊन. ती स्वतः चालण्याएवढी मोठी होती, पण त्या दिवशी तिला खाली ठेवणं मला जमत नव्हतं.

"तू फाटक लावून गेलास का?" मी विचारलं.

"कुठलं, घराचं? छे." तो मेंढ्यांच्या कुत्र्याला पाणी पाजत होता. "मी आलो तेव्हा उघडं होतं. उघडं होतं म्हणून उघडं ठेवलं. गेलो रस्त्याकडच्या बाजूने. दुसऱ्याच्या फाटकाला हात लावायला मी काय शहरातून आलोय?"

"म्हणजे तू उघडलं नाहीस."

"नाही. तूच उघडलंस असं वाटलं मला. म्हटलं, बाईसाहेब चित्र काढायला बाहेर पडल्यात."

"मला वाटलं तू उघडलंस."

आयव्हरने टोपी काढली आणि तिच्या आत बघितलं, जणू उत्तर तिथे ठेवलं होतं. "वाऱ्याने उघडलं असेल मग."

"आणि साखळी कुणी लावली?"

"वारा जोरात होता गं," तो म्हणाला. दोघंही हसलो. दोघांनाही ते पुरलं नाही.

फाटक कुणी उघडलं ते मला आजही माहीत नाही. मीच, ही शक्यता सगळ्यात मोठी. इतक्या वेळा तपासलं की एखाद्या वेळी तपासतानाच ते उघडून ठेवलं असेल. पण लावलं मी नाही. एवढं नक्की.

टिलीला मी काही विचारलं नाही. आठवडाभर विचारलं नाही. ती जिवंत होती, चिकट होती, वाटाणे एकेक करून ताटाबाहेर काढून टाकत होती. ती काय सांगेल याची मला भीती होती, आणि न सांगितलेलं मला चालत होतं.

त्या आठवड्यात मी शेवटचं चित्र काढलं. त्यात तळं काढलं. काठ, पंपाचं खोपट, पाणी, पाण्यावरच्या रेघा, सगळं जिथे आहे तिथे. आणि फाटक, लावलेलं, साखळी खुंटीवर. टाक कुठेही अडला नाही. कागदावर जिथे पांढरं राहिलं, तिथे ते मीच सोडलं होतं.

त्या आठवड्यात मी झोपलेही. रोरीला सांगितलं तर त्याने विचारलं, "बरी आहेस ना?"

७

वृद्धाश्रमात नेरिडाबाईंची खोली बागेकडे होती. मी चित्र त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि बोलायला सुरुवात केली, फार भराभर: तुम्ही नको म्हणाला होतात, माहीत आहे मला, आवडलं नाही तर दुसरं काढून देते, पैसे घेणार नाही, पण तळं वगळलं की ते जमतच नव्हतं...

"गप बस, पोरी," त्या म्हणाल्या.

टिली खिडकीखाली बसून चॉकलेट-खोबऱ्याचा लॅमिंग्टन केक खात होती. नारळाचा कीस सगळ्या गालिच्यावर. नेरिडाबाईंनी चित्र जवळ धरलं. मग त्यांनी बोट टेकवलं, तळ्यावर नाही, फाटकावर.

"लावलेलं काढलंस."

"हो."

"आम्ही जसं सापडेल तसं ठेवायचो," त्या म्हणाल्या. "ह्यांना वाटलं मी उघडलं. मला वाटलं ह्यांनी. तो टिलीएवढाच होता."

भिंतीवर फोटो होते, नातवंडांचे, घोड्यांचे. मी ते बघायचं टाळलं.

मग त्यांनी मान वळवली. माझ्याकडे नाही. "टिली," त्या हळूच म्हणाल्या, "काही म्हणाला का गं तो?"

मी कुणालाही काही सांगितलं नव्हतं. रोरीलाही नाही. आठवडाभर जी वाक्यं मी मनातल्या मनात दाबून ठेवली होती ती सगळी एकदम वर आली: तो बोलावतोय, त्याला थंडी वाजते, तो पुन्हा येणार आहे. टिलीला उचलून निघून जावं असं वाटलं. पण नेरिडाबाई टिलीकडे पुढे झुकल्या होत्या, चित्र मांडीवरून घसरत होतं, आणि मी उठले नाही.

टिलीने तोंडातला घास संपवला. तिला घाई नव्हती.

"म्हणाला, फाटक लाव," ती म्हणाली. "मी म्हटलं, माझा हात नाही पोचत."

"मग?"

टिलीने बोटाला लागलेलं चॉकलेट चाटलं.

"मग तो म्हणाला, माझा आता पोचतो."